दमलेले दांडे

नुकताच निवृत्त झालो होतो. बायकोने भाजी आणायला सांगितली की, ‘आता दमलोय,’ म्हणून मी पेपर उघडायचो.

त्याच सुमारास मेव्हण्याने छत मागे दुमडणारी एक जुनी मोटार हौसेने घेतली. दुमडलेलं छत ज्या झाकणाखाली जातं, ते आतल्या गॅसच्या दाबाने उचलून धरणारे दोन दांडे थकले होते. झाकण कधी बोटांवर आदळेल, नेम नव्हता. मेव्हणा कामावर, म्हणून मीच एक नवा दांडा घेऊन सिन्नर फाट्यावरच्या मेकॅनिककडे गेलो.

मेकॅनिकने झाकणाला द्राक्षबागेतला बांबू टेकवला आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

“एकच?”

“दुसरा चालेल अजून.”

“म्हाताऱ्या बैलाशेजारी गोऱ्हा जुंपता का, काका? जोडी आणा.”

मी शहरात जाऊन दुसरा आणला. दोन्ही बसवल्यावर त्याने बांबू काढला, स्वतःची मान झाकणाखाली घातली आणि तशीच ठेवून निवांत तंबाखू मळली. चिमूट तोंडात गेली, तरी झाकण हललं नव्हतं. मग कुठे किल्ली माझ्या हातात दिली.

जुने दांडे मात्र पुसून त्याने तिथेच आपल्या हत्यारांच्या पेटीला बसवले. पेटीचं पत्र्याचं झाकण अलगद वर गेलं आणि तिथेच राहिलं.

“मी तर फेकलेच असते,” मी म्हणालो.

“दमल्यात, मेल्यात थोडीच? ओझं जरा हलकं द्यायचं.”

परतताना मी मेथीची जुडी घेतली. बायकोने आधी मेथीकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.