खाली आलेला आकडा

तपासणीचं रक्त द्यायला बसण्याआधी ती माझ्या लॅबचं टेबल पदराने पुसायची. मी ते स्पिरिटने पुसलेलं असायचं, पण मासे कापायची जागा पुसून घ्यायची हयातभराची सवय, ती जाणार कशी? मग हात लांब करून म्हणायची, "घे रे बाबा. पण सगळा एकदम घेव नको, पुढल्या खेपेक ठेव."

तुमच्यापैकी कोणी दोन हजार चार-पाचच्या सुमाराला कुणकेश्वरच्या बाजूला मासळी घेतली असेल, तर ती तुम्ही पाहिली असणार. डोक्यावर पाटी, दोन्ही हात मोकळे, आणि भाव पाडून मागणाऱ्याचा उद्धार करणारी जीभ. मी तेव्हा देवगडात नवी लॅब घातली होती आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा मला भारी माज होता. माणसांचं रक्त काढून पोट भरतोस, लाज कशी वाटत नाही, असं ती मला चारचौघांत विचारायची.

तिला जठराचा कॅन्सर होता. घाटावरच्या इस्पितळात दर महिन्याला सलाइनमधून औषध चढवायचे आणि त्याआधी माझ्याकडून रक्त तपासून कागद न्यावा लागे. औषध किडनीला जड, आणि किडनी बिघडली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, म्हणून ते वाढत नाही ना, एवढं बघायचं. आम्हा लॅबवाल्यांची नजरच तशी झालेली. वाढलेल्या आकड्याखाली लाल रेघ मारायची, कमी झालेल्याकडे कोण बघतो?

तिचं तर दर महिन्याला कमी होत होतं. "काकी, किडनी एक नंबर!" मी म्हणायचो. ती खूश. एकदा खुशीने कागदात गुंडाळून चार बांगडे ठेवून गेली, दिवसभर लॅबला वास.

पहिल्या खेपेला दंडाला बांधायचा रबरी पट्टा तिला जेमतेम पुरला होता. पाच-सहा महिन्यांत त्याचे दोन वेढे बसू लागले. हे मी माझ्या हातांनी बांधत होतो हो! आणि वर चेष्टा करत होतो, की काकी, बारीक झालात, आता शोभून दिसता. वजनकाट्यानेही दगा दिला. पायांना सूज, पोटात पाणी, त्यामुळे वजन होतं तेवढंच.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की पुन्हा पाटी घ्यायची, एवढंच तिला हवं होतं. त्या पावसाळ्यात आली तेव्हा हळूच म्हणाली, "माका रिकामी पाटीसुद्धा उचलूक जमना नाय रे. डॉक्टराक सांगू काय?"

मी कागद तिच्यापुढे धरला. "बघा, अजून खाली आलंय. सलाइनचा थकवा असतो, जाईल. उगाच डॉक्टरांचं डोकं खाऊ नका."

तिने ऐकलं. डॉक्टरांना काही सांगितलं नाही. होड्या समुद्रात गेल्या त्याच आठवड्यात ती गेली.

पुढे वर्षभराने एका प्रशिक्षणाला कोल्हापूरला गेलो होतो. शिकवणाऱ्या बाई बोलता बोलता सांगून गेल्या, की क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. कॅन्सरच्या रोग्याचं ते सारखं उतरत असेल, तर किडनी सुधारत नसते, अंगातलं मांस झिजत असतं. वेळेवर डॉक्टरांच्या कानावर घातलं तर खाण्यापिण्याचं, व्यायामाचं काहीतरी करता येतं. घरी आल्या आल्या जुनी वही काढली. शून्य पॉइंट नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार. अक्षर माझंच, सुबक. ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण कोण जाणे, एखादा हंगाम पाटी उचलली असती. ते मी घालवलं.

कबूल करायचं ठरवून तिच्या घरी गेलो. नवरा पडवीत जाळं सांधत बसला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, "तुझी लय आठवण काढी. म्हणा होती, सगळे तोंडा पाडून बोलतत, तो एकटो लॅबवालो माका बरी खबर देता."

मग त्याने स्वतः उठून चहा टाकला. मी तो प्यालो, येतो म्हणालो आणि काही न सांगता परत आलो.