कमलबाईंची गाणी आणि एक शून्य

नाजमीनच्या घरी तिच्याआधी कुणी कॉम्प्युटर शिकलं नव्हतं. तिचे अब्बा नासीरभाई धुळ्यात शिलाई मशीन दुरुस्त करतात. मशीनला कान लावून कुठला दात झिजलाय ते सांगतात. नाजमीनने शिरपूरला होस्टेलवर राहून डिप्लोमा केला आणि परत आल्यावर तिला प्रेमराज नानांकडे काम मिळालं.

प्रेमराज नाना म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक. अहिराणी गाणी, गोष्टी, म्हणी गोळा करायचा त्यांना आयुष्यभर नाद. आधी ते कॅसेटवर भरून आणायचे. पुढे चार लोकांनी मिळून एक छोटी संस्था काढली, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि तिथे ध्वनिसंग्रह सुरू झाला. गावोगावची पोरं-पोरी रेकॉर्डिंग आणून द्यायची. ती नीट नावं देऊन ठेवणं, आवाज सारखा करणं, ज्याला हवं त्याला ऐकवणं, हे सगळं नाजमीनकडे. ती स्वतःही रेकॉर्डर घेऊन जायची.

कमलबाई तिला अशीच सापडली. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, दहा-बारा घरांची वस्ती. कमलबाईला जात्यावरची, हळदीची, कानबाईच्या सणाची इतकी गाणी येत की तिथल्या बायका म्हणायच्या, हिला विहिरीसारखं आतून पाणी लागतं. नाजमीन तिच्याकडे वर्षभर अधूनमधून जात राहिली. कमलबाई तिला 'आंडेर' म्हणायची, म्हणजे लेक. गाताना कोंबड्या अंगणात आल्या की ती मधेच थांबून त्यांना हाकलायची आणि सोडलं तिथूनच पुढचा शब्द उचलायची. रेकॉर्डर भरला की नाजमीन धुळ्याला येऊन सगळं कॉम्प्युटरवर उतरवायची आणि कार्ड पुसून पुन्हा न्यायची.

मग कमलबाईचा घसा बसला. मिसरीची जुनी सवय. महिनाभर काढे झाले, आणि शेवटी धुळ्याला दाखवलं तेव्हा कळलं की कर्करोग आहे. जीव वाचला, पण ऑपरेशनमध्ये स्वरपेटी काढावी लागली. गळ्यात भोक राहिलं. ओठ हलायचे, आवाज नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा झुलाल याचा फोन आला.

"ताई, ज्योतीनं लगन ठरनं. हळदले मायना आवाजमाच गाणा वाजाले पाहिजेत. ज्योती हटून बठेल शे."

ज्योती ही झुलालची मुलगी, कमलबाईची नात.

"देते ना भाऊ," नाजमीन म्हणाली. "सगळी काढून पेन ड्राइव्हवर देते. लग्नाच्या आधी स्वतः घेऊन येते."

तिने ती लगेच काढून दिली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण त्याच आठवड्यात संग्रहात एक घोळ झाला होता. बाहेरून आलेल्या एका मुलाने चुकून दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगवर आपलं रेकॉर्डिंग चढवलं होतं. कॅसेट होती म्हणून ते परत मिळालं. नाजमीनने ठरवलं, आधी हे दार बंद करायचं.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फाइलला परवानग्या असतात. मालकाने ती वाचावी का, तिच्यात लिहावं का. त्याच्या गटातल्या लोकांनी काय करावं. बाकीच्यांनी काय करावं. कुठलाही प्रोग्रॅम या परवानग्या स्वतः बदलू शकत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडे तशी मागणी करावी लागते. फाइलचं नाव आणि एक आकडा द्यायचा, की सिस्टिम तो बदल करते. नाजमीनला हवं होतं ते साधं: संस्थेच्या खात्याने, म्हणजे मालकाने, वाचावं आणि लिहावं, कार्यकर्त्यांनी फक्त वाचावं, इतरांनी काहीच नाही. त्याचा आकडा सहाशे चाळीस. संस्थेचा छोटा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला होता. त्यातच तिने ही मागणी घातली आणि संग्रहातल्या सगळ्या फाइलींवरून तो फिरवला. कुठेही चूक दाखवली नाही. ती डबा खायला मागच्या खोलीत गेली.

हा आकडा आठच्या हिशोबातला असतो, दहाच्या नाही. प्रोग्रॅममध्ये लिहिताना पुढे एक शून्य ठेवलं की यंत्र समजतं, हा आठचा आकडा. नाजमीनने ते शून्य ठेवलं नव्हतं. यंत्राने साधा सहाशे चाळीस घेतला. परवानगीच्या भाषेत त्याचा अर्थ भलताच होतो: मालकाला लिहायची मुभा, वाचायची नाही, बाकी कुणालाच काही नाही. तोही चालणारा आकडाच होता, म्हणून सिस्टिमने मुकाट्याने मानला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी आकडा सुधारून सगळं पूर्ववत झालं असतं. पण दुपारी दोनला रोज आवाज सारखा करणारं काम आपोआप चालायचं. ज्या फाइलीत काही बदल झाला असेल ती ते उचलायचं, आवाज नीट करायचं आणि त्याच फाइलीत परत लिहायचं. परवानगी बदलणं हाही बदलच, त्यामुळे त्या दुपारी त्याने सगळ्याच फाइली उचलल्या. वाचता एकही आली नाही. हाती काही आलं नाही, ते काहीच-नाही त्याने प्रत्येक फाइलीत लिहून टाकलं. लिहायची मुभा होतीच. पाठोपाठ रोजच्यासारखी दुसऱ्या डिस्कवरच्या जुन्या प्रतीवर नवी प्रत उतरली; ते काम सिस्टिमच्या पूर्ण अधिकारात चालायचं, त्याला परवानगी आडवी येत नव्हती. तीही रिकामी.

नाजमीन हात धुऊन आली आणि कमलबाईचं एक गाणं लावायला गेली. लागलं नाही. दुसरं लावलं. मग तिने फाइलींची यादी उघडली. नावं जागच्या जागी होती. प्रत्येक नावापुढे आकार शून्य.

तिने कॉम्प्युटर तिथेच बंद केला. आता काही लिहिलं जाऊ नये, एवढं तिला सुचलं. मग तिने नानांना फोन लावला.

नाना रिक्षा करून आले. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "कॅसेटवाली?"

"ती कॅसेटवरून परत भरता येतील, नाना."

"आणि नंतरची?"

"त्यांची कार्डं पुसली गेली, नाना." नानांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न घालता हातातच धरून बसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

नानांचा एक जुना विद्यार्थी जितेंद्र जळगावला पुसलेला डेटा काढून द्यायचं काम करतो. नाजमीन दोन्ही डिस्क ओढणीत गुंडाळून एसटीने त्याच्याकडे घेऊन गेली. आठवड्याने त्याचा निरोप आला.

"जुन्या फिरत्या डिस्क असत्या तर काहीतरी हाती लागलं असतं. या नव्या डिस्क मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करतात. तुम्ही बंद करेपर्यंत त्यांनी आपलं काम केलेलं होतं."

"थोडंसुद्धा नाही? एखादं गाणं?"

"मी खोटं कशाला सांगू, ताई?"

घरी नासीरभाईंनी तिला जेवायला बसवलं. मुलीचं काय बिघडलंय ते त्यांना नीट कळत नव्हतं. "पुर्जा बदलता येत नाही का?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

वस्तीवर हे फोनवर सांगणं तिला जमणार नव्हतं. ती गेली. झुलाल ओट्यावर मंडपाच्या बल्ल्या तासत होता.

"बठ्ठं गयं?" त्याने विचारलं.

"सगळं गेलं, भाऊ. माझ्या हातून."

"मंग आते?"

ती ओट्याच्या कडेला बसली. झुलालने कुऱ्हाड खाली ठेवली, आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. ज्योती दारात उभी राहून ऐकत होती. ती मागच्या दाराने निघून गेली.

कमलबाईची जाऊ पुष्पाबाई शेजारीच राहायची. नाजमीनने तिला विचारलं, तुम्ही तर वर्षानुवर्षं बरोबर गायलात, तुम्हाला येत असतील ना?

पुष्पाबाई अवघडली. "मी तं मांगे मांगे म्हनू. पुढलं तीच धरे," ती म्हणाली. मग थोडी चिडूनच: "आनि तुमना मशीनमा बठ्ठं शे ना, मंग आम्ही कशाले ध्यानमा ठेवतूत?"

हे मात्र नाजमीनच्या मनात कधीच आलं नव्हतं.

तरी बायका जमल्या. कमलबाईला खाटेवरून उतरवून मधे बसवलं. झालंय काय ते झुलालने तिला सांगितलं तेव्हा तिने नाजमीनकडे पाहिलं. मग तिने ओठ हलवायला सुरुवात केली. पुष्पाबाई ओठ बघून शब्द सांगायची, बाकीच्या चाल लावायच्या. पहिली ओळ जुळली. सगळ्या हसल्या, एकीने टाळी वाजवली. दुसऱ्या ओळीला चाल चुकली. कमलबाईने मान हलवली. पुन्हा लावली, पुन्हा चुकली. कमलबाई हाताने जमिनीवर ठेका धरून दाखवू लागली. ठेका कळत होता, पण सूर वर जातो की खाली, ते हाताने कसं दाखवणार? तिने हात उंच नेला, खाली आणला, लाटेसारखा फिरवला. बायकांनी तसं करून पाहिलं. नाही. तिने पुष्पाबाईचा जबडा धरून वर उचलला, जणू सूर तिथूनच ओढून काढता येईल. पुष्पाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माले नही येत व बहीन," ती म्हणाली.

कमलबाईच्या गळ्यातल्या भोकातून नुसता वारा येत होता. फस्स, फस्स. तिने शेवटी एकदा जोरात जमिनीवर हात आपटला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बायका एकेक करून कामाला निघून गेल्या. नाजमीनच्या हातातला रेकॉर्डर सुरूच होता. त्यात ठेका होता, चुकलेल्या चाली होत्या आणि तो वारा.

लग्नाला ती गेली. जायची हिंमत नव्हती, पण नाना म्हणाले, "जा. नाही गेलीस तर ते तुझ्यासाठी थांबून राहतील." हळदीला साक्रीहून आणलेल्या स्पीकरवर सिनेमातली गाणी वाजत होती. ज्योतीने तिला पाहिलं आणि ओळख दिली, एवढंच. कमलबाईने नातीला हळद लावली. मग नाजमीनला खुणेने जवळ बोलावलं, तिच्याही गालाला लावली आणि काहीतरी म्हणाली. लांब वाक्य होतं. नाजमीन तिच्या ओठांकडे बघत राहिली. पुष्पाबाई जवळपास नव्हती, विचारायला कुणी नव्हतं. नाजमीनने नुसती मान हलवली.

काम तिने सोडलं नाही. कॅसेटवाली गाणी तिने परत भरली. आता नवीन काही आलं की त्याची एक प्रत नानांच्या कपाटात वेगळी जाते. रिकाम्या फाइली मात्र संग्रहात तशाच आहेत. तिने त्या काढायचं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "नावं राहू दे. कुणी गायलं होतं, एवढं तरी दिसेल."

परवा मुक्ताईनगरकडची एक विद्यार्थिनी अभ्यासासाठी आली होती. यादीत बोट फिरवत ती कमलबाईच्या नावाशी थांबली.

"ताई, हे उघडत नाहीये. मला परवानगी नाही का?"

"परवानगी आहे," नाजमीन म्हणाली. "आत काही नाही."

मुलीने एकदा पुन्हा दाबून पाहिलं. मग हेडफोन सारखे केले आणि खालच्या नावावर गेली.