पेटीने विचारलं, "हायेस का?"

आधीच सांगते, या सदरातले अनुभव वाचून खो खो हसणाऱ्यांतली मी. भूतबित काही नसतं, लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदी, नीट वाचल्या की सगळं सापडतं — असं मीच ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेचं खरं कारण पुढे आहे.

मी मूळची नांदेडची, पुण्याजवळ सूसला संगीताताईंकडे भाड्याने राहते. त्यांचे वडील, तात्या, कासार आंबोली गावात एकटेच. लेकीकडे यायला काही केल्या तयार नाहीत. म्हणून मी त्यांच्या न्हाणीघराबाहेर भिंतीवर, बटण दाबलं की ताईंना फोन जाईल अशी एक छोटी पेटी लावून दिली. ती चालू आहे ना, हे बघायला माझा सर्व्हर दर मिनिटाला तिला विचारायचा, "हायेस का?" पेटी उत्तर द्यायची, "हाय." ओळीने पाच उत्तरं आली नाहीत की ताईंचा फोन वाजायचा. ते शब्द मी तात्यांच्या बोलण्याची गंमत म्हणून घातले होते. ऑफिसात सगळे पोट धरून हसले होते.

पण तिथलं नेटवर्क बेभरवशाचं. दिवसातून चार-चारदा फोन वाजायचा. ताई वैतागल्या, "अगं, तुझ्या पेटीपायी रोज चार-चारदा तात्यांना फोन लावतिया मी. बंद कर ती कटकट!"

एका मंगळवारी, मीटिंगच्या घाईत, मी ती विचारपूसच बंद केली. शनिवारी नीट करू म्हटलं. ताईंना सांगितलं, "आता व्यवस्थित चालतंय." स्क्रीनवर पेटी जोडलेली असल्याचा हिरवा दिवा होताच.

तो दिवा खोटा होता, आणि हे मला माहीत होतं. कनेक्शन रीतसर बंद होतं तेव्हा समोरचा आपल्याकडच्या पाहुण्यासारखा "येतो" म्हणून निघतो. अचानक तुटलं तर कुणी काही सांगत नाही, दिवा हिरवाच राहतो. विचारल्याशिवाय कळतच नाही. हे मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवते!

गुरुवारी दुपारी साडेबाराला स्क्रीनवर ओळ आली: "हायेस का?" पेटीकडून. पेटीला तर "हाय" हा एकच शब्द यायचा. वाटलं, शेजारच्या खुर्चीवरचा निखिल चेष्टा करतोय. दोन मिनिटांनी परत तेच. मग तिसऱ्यांदा. मी विंडो बंद केली आणि डबा खायला गेले.

चारला ताईंचा रडत फोन आला. शेजारच्या काकू ताक द्यायला गेल्या, तर तात्या न्हाणीघराच्या दारात पडलेले. सकाळी नऊलाच पाय घसरला होता. पडताना त्यांनी पेटीची वायर धरली आणि पेटी उखडून पाण्याच्या बादलीत गेली. म्हणजे नऊपासून ती बंदच. हिरवा दिवा मात्र मी बघितला तेव्हाही तसाच होता.

दवाखान्यात तात्यांनी माझा हात धरला. "पोरी, लई हाका मारल्या. कुनी न्हाई. मग पेटीला इचारलं, हायेस का? तीनदा इचारलं. तवा तू बोललीस... हाय तात्या, उठू नगा, पडून ऱ्हावा. म्हून पडून ऱ्हायलो बग."

डॉक्टर म्हणाले, खुबा मोडलाय, उठायची धडपड केली असती तर जिवावर बेतलं असतं.

पेटीत ना माइक, ना स्पीकर. लॉग दहा वेळा वाचला — आलेल्या ओळी तीन, माझ्याकडून गेलेली एकही नाही. निखिलने आईची शपथ घेतली. नेटवर्कमध्ये अडकलेला जुना मेसेज म्हणावा, तर पेटीने ते वाक्य त्याआधी कधी पाठवलंच नव्हतं. मला आजही उलगडा झालेला नाही.

भीती नाही वाटत. लाज वाटते. त्या दुपारी जे कुणी तात्यांपाशी होतं, ते माझ्या आवाजात होतं. आणि मी भेंडीची भाजी खात होते.

तात्या आता वॉकर घेऊन चालतात. घरी कुणी आलं की मला पुढे करतात, "हिनं माजा जीव वाचवला." ताई डोळे पुसतात. परवाही तसंच झालं. मी मान खाली घालून बसले... आणि नाही म्हटलं नाही.