हाराचा खिळा

टक. टक. टक. धप.

मी हातोडी थांबवली आणि त्याच जागी पुन्हा मारली. धप.

"काय गं, दार ठोकल्यासारखं ठोकतेस? आत कोण आहे?" पांडुरंगराव मागून म्हणाले.

मी हसले नाही. मला काम करताना कोणी मागे उभं राहिलेलं आवडत नाही. ते मात्र सकाळपासून उभेच होते.

मैसूरजवळ हूटगळ्ळीला आमचं फायबरग्लासचं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या, बसचे बंपर, बागेतल्या घसरगुंड्या असली कामं असतात. बोट क्वचित येते. आली की आमचे मालक, म्हणजे सर, ती माझ्याकडे देतात. मी इंजिनियरिंगमध्ये कंपोझिट्स, म्हणजे फायबरग्लाससारखं थरांचं मटेरियल, शिकले आहे हे एक कारण. दुसरं, मी कमी बोलते, त्यामुळे गिऱ्हाइकाशी भांडण होत नाही.

पांडुरंगराव मैसूरचे जुने मराठी. सगळं आयुष्य कोट शिवले. दुकान मुलाकडे गेल्यावर त्यांनी मंगळुरूहून एक सेकंडहँड बोट आणली आणि तलकाडला कावेरीत प्रवासी फिरवायला लागले. बोट पुतण्या चालवायचा. त्यांची तक्रार साधी होती. मोटर सुरू केली की बोटीची पाठ हलते.

"बोल्ट टाईट करा, रंग मारा, दसऱ्याच्या आधी द्या. बस, साकु," ते म्हणाले होते. साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

बोटीच्या या पाठीला ट्रान्सम म्हणतात. मोटर त्यावरच टांगलेली असते. बाहेरून फायबरग्लास, आतून फायबरग्लास आणि मध्ये प्लायवूड. प्लायवूड चांगलं असेल तर हातोडीला टक असं उत्तर येतं. कुजलं असेल तर धप. इथे जवळजवळ अर्धी पाठ धप म्हणत होती.

मी आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारलं. कोरडा भुसा यायला हवा होता. आला काळा, ओला लगदा.

"अय्यो, पाण्यातली बोट. थोडी ओली असणारच."

"काका, मोटर उखडून येईल."

"उखडून कुठे जाईल?"

"नदीत. आणि तिच्या जागी पाणी आत येईल. माणसं बसलेली असताना."

त्यांनी तो लगदा अंगठा आणि बोटाच्या मध्ये घेऊन चोळला, कापड बघतात तसा. वास घेतला.

"उघड," म्हणाले. आणि लगेच, "पण नवरात्र सुरू व्हायच्या आत पाहिजे हं. पुतण्यानं बुकिंग घेतलंय. आणि कुणाची गं तू? तुझे आजोबा चामराजपुरम्‌चे का?"

मी मान हलवली. हे मला नको होतं. आजोबांची ओळख निघाली की आपण इंजिनियर उरत नाही, घरातली मुलगी होतो.

ग्राइंडरने आतलं फायबरग्लास कापून काढलं. बाहेरचं तसंच ठेवलं, म्हणजे पाठीचा आकार बदलत नाही. प्लायवूड छिन्नीने काढायची तयारी केली होती. ते हातानेच निघालं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. मग वाळवणं आलं. हॅलोजनचे दिवे लावले, पंखे लावले. बाहेर पाऊस थांबेना. दर थोड्या वेळाने मी हात लावून बघायची. ओल असताना रेझिन, म्हणजे थर चिकटवायचा द्रव, लावलं तर ते धरत नाही, आणि धरलं नाही तर सगळं काम फुकट.

"झालं का?" सर केबिनमधून विचारायचे. ते पुण्याचे. त्यांचं 'झालं का' प्रश्न नसतो, घड्याळ असतं.

"वाळतंय सर."

"काल पण वाळत होतं."

मी परत बोटीभोवती फेऱ्या मारायची. मला एक गोष्ट खटकत होती. पाणी शिरतं ते बहुतेक मोटरच्या बोल्टच्या भोकांतून. पण इथे बोल्टजवळचं प्लायवूड त्या मानाने बरं होतं. सगळ्यात वाईट होता वरचा डावा कोपरा.

तो कोपरा बाहेरून घासला. रंगाचे थर निघाले आणि खाली गंजलेली डोकी दिसली. खिळे, एका ओळीत, एकमेकांना खेटून. आतली टोकं केव्हाच गंजून गळाली होती.

पांडुरंगराव आले तेव्हा विचारलं.

"ते? ते हाराचे खिळे," ते सहज म्हणाले. "आयुधपूजेला दरवर्षी बोटीला हार घालतो. नवीन वर्ष, नवीन खिळा. आमच्या शिलाई मशीनच्या टेबलाला पण आहेत."

"जुने काढत नाही?"

"देवाच्या कामाचा खिळा उपटतात का गं?"

प्रत्येक खिळा फायबरग्लास फोडून लाकडात गेला होता. गंजला की त्याच्या कडेने पाणी आत. वर्षानुवर्षं. मी सरांना सांगितलं.

"त्यांना काही बोलू नकोस," सर म्हणाले. "लोकांच्या श्रद्धेत आपण पडायचं नाही. आपण नवीन करून देतोय ना?"

"ते परत खिळा मारतील सर. याच दसऱ्याला."

"मग परत येतील. कस्टमरच आहेत."

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. जुने खिळे उपटून त्यांची भोकं बुजवली, नवीन मरीन प्लाय कापला, कडांना इपॉक्सी रेझिन पाजलं, बसवला, क्लॅम्पने आवळला. वर फायबरग्लासचे थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडली, इपॉक्सीने भरली आणि त्या भरावात परत बारीक भोकं पाडली. म्हणजे बोल्ट कधी लाकडाला शिवतच नाही. एवढी काळजी मी घेत होते, आणि एक हातोडी ती घालवणार होती.

सांगायला हवं होतं. रोज ठरवायची. ते यायचे, आजोबांच्या गोष्टी सांगायचे, बरोबर आणलेली केळी माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि मी म्हणायची, "वाळतंय काका."

शेवटी मी बोलायच्या ऐवजी एक वस्तू केली. फायबरग्लासची छोटी कडी, ट्रान्समच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर, भोक न पाडता बसवलेली. मग तिला बोटीचाच निळा रंग दिला. वाटलं, त्यांना दिसेल, समजेल, विषय संपेल.

न्यायच्या दिवशी ते पुतण्याला, नारळ आणि झेंडूचा मोठा हार घेऊन आले. मोटर बसवली. पाठ हलली नाही. सर खूश होते. पांडुरंगरावांनी कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पिशवीतून हातोडी काढली. दुसऱ्या हातात नवा खिळा.

"नवीन पाठ, नवीन खिळा," ते म्हणाले.

कडी हाताच्या अंतरावर होती. निळ्यावर निळी. कुणालाच दिसत नव्हती.

मी पुढे गेले आणि खिळा टेकवायच्या जागी तळहात ठेवला. तोंडातून कन्नडच आलं. "बेडा, काका!"

सगळे थांबले. सरांनी डोळ्यांनीच मला मागे व्हायला खुणावलं. मी हात काढला नाही.

"का बेडा?" पांडुरंगरावांचा आवाज चढला. "देवाला नको म्हणतेस? तुझ्या घरी फोन करू?"

"काका, तुम्ही रेनकोट शिवलाय?"

"शिवलाय. त्याचं काय?"

"त्याला मापाच्या टाचण्या लावता?"

"वेडी का? रेनकोटला टाचणी लावत नाहीत. भोक राहतं, पाणी..."

ते तिथेच थांबले. खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"सगळे खिळे?"

"सगळे."

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, मी दोनदा सांगितलेलं, कोपरा मऊ लागतो."

"गप रे." हातोडी पिशवीत गेली. "मग हार कुठे घालू? खाली ठेवू?"

मी कडी दाखवली. त्यांनी बोट घालून ओढून बघितली, आधी हळू, मग जोरात. शिवण तपासतात तशी.

"ही कधी केलीस?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि तोंड आज उघडलंस!" त्यांनी हार अडकवला. "जुने खिळे कुठेत? भंगारात टाकलेस?"

सरांनी टाकायला सांगितलं होतं. मी डब्यात ठेवले होते, का ते मलाही नीट माहीत नाही. डबा दिला. ते कावेरीत सोडतो म्हणाले.

दसराभर बोट चालली. नंतर मी तलकाडला जाऊन पूर्ण पाठ हातोडीने ठोकून आले. सगळीकडे टक.

मी धरून चालले होते की चांगली केलेली वस्तू स्वतःच बोलते. बोलत नाही. विशेषतः तिला बोटीचाच रंग दिला असेल तर.

त्याच दसऱ्यात, आमच्या वर्कशॉपच्या आयुधपूजेला सर स्टुलावर चढले होते. एका हातात हार, तोंडात खिळा, समोर टाकीचा नवा मोल्ड. या वेळी मी आधी बोलले. कडी नंतर केली, आणि तिला लाल रंग दिला.