कार्डावरचा हुद्दा

ओमानमध्ये, कुरुमच्या ऑफिसात मी सरकारी कंत्राटांचं काम बघते. आमची कंपनी सरकारी इमारतींची देखभाल करते. एसी, नळ, वीज, साफसफाई असं सगळं. नियम बदलला की तो आधी वाचायचा आणि इतर कंपन्या जाग्या व्हायच्या आत हालचाल करायची, याचा मला पगार मिळतो. या चपळाईचा मला तोराही होता. आता तो आठवला की माझी मलाच लाज वाटते.

मागच्या वर्षी एक परिपत्रक आलं. सरकारी इमारतींवरचा साइट सुपरवायझर यापुढे ओमानीच हवा. त्यात गैर काही नव्हतं. त्यांचा देश आहे, त्यांची मुलं शिकून नोकरीची वाट बघतायत. पण आमच्या एका इमारतीवर सुपरवायझर होता मालवणकडचा. तो बायको आणि मुलीसह अल् घुब्राला आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. त्याची मुलगी आणि माझा मुलगा एकाच बसने शाळेत जायचे. त्या माणसाची नोकरी जाणार, हे मला बघवेना.

यावर कंत्राटदारांकडे एक तोडगा असतो. माणूस तोच, काम तेच, फक्त रेसिडेंट कार्डावरचा हुद्दा बदलायचा. त्याला ‘कामगार’ करून टाकायचं, सुपरवायझर म्हणून एखादा ओमानी मुलगा घ्यायचा, आणि याने त्याला शिकवत राहायचं. आमच्या सरकारी कचेऱ्यांतल्या खेपा करणारा ओमानी मंदूब मोडक्या हिंदीत म्हणाला, “मॅडम, शुवय शुवय. थोडा रुको. इधर कानून आता है, फिर दूसरा कागज आता है.”

मला वाटलं, याला उन्हात खेप घालायचा कंटाळा आलाय. “यल्ला, आजच जा,” मी म्हटलं. तो गेला. आठवड्याच्या आत कार्ड बदलून आलं.

त्या संध्याकाळी सुपरवायझरची बायको तांदळाच्या घावन्यांचा डबा घेऊन आमच्या दारात उभी. “ताई, तुमच्यामुळे वाचलो,” म्हणाली. मी “अहो, त्यात काय” वगैरे म्हटलं, पण आतून चांगलीच फुगले होते.

मग दुसरा कागज आला. चालू कंत्राटांवर जे आधीपासून काम करतायत, त्यांना कंत्राट संपेपर्यंत सवलत. आमचं कंत्राट नुकतंच सुरू झालेलं, म्हणजे त्याला अजून चार वर्षं निर्धास्त राहता आलं असतं. मी मंदूबकडे धावले. त्याने मान हलवली. सवलत जुन्या सुपरवायझरांना. हा आता कार्डावर कामगार. नव्याने सुपरवायझर करायचा तर ओमानीच लागणार. “खलास, मॅडम,” तो म्हणाला. मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं, पण त्याने उलट माझ्यासाठी चहा मागवला.

खरा फटका त्यानंतर बसला. बायको-मुलीचा व्हिसा नूतनीकरणाला गेला आणि परत आला. कामगाराच्या हुद्द्यावर कुटुंब ठेवता येत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. नियम वाचणं हेच माझं काम, आणि मी माझ्या कंत्राटापुरताच वाचला होता. मुलगी दहावीत जाणार होती. ती आता आईबरोबर कणकवलीला जाणार आणि तो कंपनीच्या कॅम्पवर.

सवलतीचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच हिशोब होता: मॅडमनी नोकरी वाचवली, कुटुंबाचं मात्र नशीब. किती दिवस मी त्याला ऑफिसात टाळत होते. शेवटी ते निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये बॅगा भरून ठेवलेल्या. मुलगी इंग्रजीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, मला बघून अडखळत म्हणाली, “आंटी, तिकडे ना, सगळं मराठीत बोलायला लागणार.” मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही.

त्याला गॅलरीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. सवलत आली होती, मी थांबले असते तर यातलं काहीच झालं नसतं. मी रडले नाही. तो हक्क मला नव्हता.

त्याने गॅलरीचं दार ओढून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, ह्या हिका सांगू नका. तिका वाटता, तुम्ही होता म्हणान माझी नोकरी ऱ्हवली. तेवढा तरी ऱ्हवांदे.”

इतक्यात त्याची बायको आतून आली. “ताई, ताट घेतलंय. जेवल्याशिवाय सोडणार नाही हां,” म्हणत तिने मला हाताला धरून आत नेलं. भाताच्या तिसऱ्या मुदीलाही मी नाही म्हटलं नाही. तिने जेवढं वाढलं तेवढं सगळं मी खाल्लं.