शॉकअप आणि शाल

भूकंपानंतर आमच्या भागात दोन गोष्टी भरमसाट वाढल्या, जीपगाड्या आणि सत्कार. जीपगाड्या काही वर्षांनी परत गेल्या. सत्कार राहिले.

मी तेव्हा लातुरात एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो. ज्या गावात बारावीचं पोर फिजिक्सला एका सरांकडे, केमिस्ट्रीला दुसऱ्या सरांकडे आणि गणिताला तिसऱ्या सरांकडे सायकल हाणत पळतं, त्या गावात मराठीच्या शिक्षकाला वर्गाबाहेर एकच काम उरतं, सूत्रसंचालन. नव्या गावांत घरांच्या किल्ल्या वाटायचे कार्यक्रम व्हायचे, तेव्हा मला बोलावणं यायचं. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली एखाद्या म्हातारीच्या हातात द्यायची, फोटो निघेपर्यंत तिनं ती धरून ठेवायची, मग परत घ्यायची, कारण पुढच्या गावातल्या म्हातारीलाही तीच द्यायची असे. हे सगळं मी माईकवरून गोड शब्दांत सांगायचो आणि घरी आल्यावर बायकोला त्याची नक्कल करून दाखवायचो. नक्कल करता येते म्हणजे आपण त्यातले नाही, असा माझा समज होता.

आमच्या घरासमोर एक शिंपीकाम करणारे गृहस्थ राहायचे. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणायचो. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून लातुरातलं, आणि काम शाळांचे गणवेश शिवण्याचं. नांदेडहून कापडाचे तागे आणायचे, उन्हाळाभर घरातल्या मशिनी चालवायच्या आणि शाळा उघडायच्या आत औशाच्या पुढच्या नव्या गावांत गठ्ठे पोचवायचे. त्यांचं वर्ष त्या तेवढ्या दिवसांवर चालायचं.

एका दसऱ्याला आम्ही दोघांनी एकाच शोरूममधून एकाच कंपनीची, एकाच रंगाची मोटारसायकल घेतली. शोरूमच्या शेठनं दोघांना मिळून एक नारळ दिला.

संक्रांतीपर्यंत गाड्या छान चालल्या. उन्हाळ्यात आधी चाचांच्या गाडीचा पुढचा शॉकअप गळायला लागला, मग माझ्या. नळीवर तेलाचं कडं दिसायचं, खाली ओघळ यायचा. ब्रेक दाबला की हँडल धपकन खाली जायचं आणि वर यायचं विसरायचं. चाचांची गाडी तर नव्या गावांच्या खडीवरून रोजच जायची. नळीची चकाकी एका बाजूनं घासून गेली होती. गाडी घेऊन एक वर्षही झालं नव्हतं, वॉरंटी होती, म्हणून आम्ही दोघंही जोडीनं शोरूमवर गेलो.

सुपरवायझरनं दोन्ही गाड्यांची पुढची चाकं काढली, पार्ट जमिनीवर मांडले, आणि मग सांगितलं की दोन्हीकडचा पूर्ण सेट बदलावा लागेल आणि हे वॉरंटीत बसत नाही. खर्चाचा कागद हातात दिला. चाचांनी तो वाचला आणि उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही सूट लिहिली असेल म्हणून.

“वॉरंटीत का बसत न्हाई?” त्यांनी विचारलं.

“ओव्हरलोड आहे. गठ्ठे नेता ना तुम्ही?”

“साहेब, तीन माणसं बसून जातात त्याला कोणी काय म्हणत न्हाई. म्या चड्ड्या बसवल्या की ओव्हरलोड?”

सुपरवायझर हसला. पण कागद बदलला नाही. मी विचारलं, मी तर फक्त स्वतःला नेतो, माझं काय? तो म्हणाला, रस्ते खराब आहेत. सेट नको असेल तर गाडी होती तशी जोडून घ्यायची आणि त्याचीही मजुरी द्यायची.

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. चाचांच्या घरी गणवेशांचे गठ्ठे बांधून तयार, आणि गाडी शोरूममध्ये गुडघे टेकून. बाहेर पडताना ते म्हणाले, “सर, आपल्याला बोलता येत न्हाई या लोकांपुढं. तुमचं वजन वेगळं हाय.”

“मी बोलतो शेठशी,” मी म्हणालो. “दोघांचं मिळून बोलतो. वॉरंटी म्हणजे काय, ते त्यांना मराठीत समजावून सांगतो.”

हे वाक्य मला फार आवडलं होतं. घरी बायकोलाही मी ते ऐकवलं.

दोन दिवसांनी आम्ही गेलो, तर शोरूमसमोर मांडव. नुकताच निकाल लागला होता आणि शेठनं गुणवंतांचा सत्कार ठेवला होता. त्या जूनमध्ये लातुरात गुणवंतांचा सत्कार न करणारं दुकान सापडणं अवघड होतं. भांड्यांची दुकानं करायची, दवाखाने करायचे, मग मोटारसायकलवाल्यानं का मागे राहावं? ज्यांना लायसन्स मिळायला अजून अवकाश होता, ती पोरं पांढऱ्या खोळीच्या खुर्च्यांवर बसली होती. मधोमध लाल रिबीन बांधलेली नवी गाडी उभी. प्रमुख पाहुणे म्हणून कोणी मोठे अधिकारी येणार होते, ते आले नव्हते. आई-बाप घड्याळ बघत होते, पोरांना पुढच्या शिकवणीला पळायचं होतं.

शेठनं मला दारातच पाहिलं. “अरे, सर आले!” ते असे ओरडले की जणू वाट माझीच बघत होते. मी म्हणालो, जरा बोलायचं होतं. ते म्हणाले, “बोलायचंच आहे की. चला वर.” आणि हाताला धरून मला स्टेजवर नेलं.

जाताना चाचा कानाशी आले. त्यांचा चेहरा उजळला होता. “सर, माईकच भेटला बघा. आता सगळ्यांसमोरच सांगून टाका. मग कसं न्हाई म्हणतो बघू.”

मला खरंच तसं वाटलं होतं. स्टेजच्या पायऱ्या चढताना वाक्यं मनात जुळत होती. आधी मुलांचं कौतुक, मग शेठचं थोडं, मग हसतहसत गळक्या शॉकअपची गोष्ट. लोक हसले असते आणि हसणाऱ्या लोकांसमोर शेठला नाही म्हणता आलं नसतं. डाव चांगला होता.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. निवेदन करणाऱ्या पोरानं “मराठवाड्याच्या मातीतले व्यासंगी वक्ते” असं काहीतरी म्हटलं. असली वाक्यं मी स्वतः शेकडो माणसांना चिकटवली होती, आणि त्यांत काही नसतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी पाठ आपोआप ताठ झाली.

मी मुलांचं कौतुक केलं. पुस्तकांविषयी दोन गोष्टी सांगितल्या, त्या कोणी ऐकल्या नाहीत. मग शेठकडे वळलो. चाचा शेवटच्या रांगेत, वर्कशॉपच्या जाळीला टेकून उभे होते. त्यांच्या मागे आमच्या दोन्ही गाड्या बिनचाकाच्या दिसत होत्या. मी म्हणालो, “शेठ गाड्या विकतात.” थांबलो. “पण...”

चाचा जाळीपासून सुटून सरळ उभे राहिले.

“पण ते फक्त गाड्या विकत नाहीत,” मी म्हणालो, “ते या मातीतल्या तरुणांच्या स्वप्नांना चाकं देतात.”

टाळ्या पडल्या. चाचांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, ही सुरुवात आहे, सर हळूहळू मुद्द्यावर येतील. मी अजून थोडा वेळ बोललो आणि ते तसेच उभे राहून ऐकत राहिले. अशी वाट बघणारा श्रोता मला पुन्हा कधी मिळाला नाही. मग मी धन्यवाद म्हणून खाली बसलो.

कार्यक्रम संपल्यावर पेढे वाटताना मी शेठला बाजूला घेतलं. तेवढी लाज शिल्लक होती. मी शॉकअप म्हणताच त्यांनी सुपरवायझरला हाक मारली. “सरांची गाडी वॉरंटीत घे रे. पैसे घ्यायचे नाहीत.”

“आणि यांची?” मी चाचांकडे हात केला.

“बघू की,” शेठ म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुमचीच माणसं, बघू.”

त्या ‘बघू’चा अर्थ मला कळत होता. असे ‘बघू’ मी स्टेजवरून खूप ऐकले होते. मी म्हणू शकलो असतो की मग माझीही राहू द्या. शाल अंगावर होती आणि एका हातात पेढा होता. पेढा मी तोंडात टाकला.

परत येताना चाचा माझा नारळ धरून रिक्षात बसले होते. “काय बोललात सर,” ते म्हणाले. “आमच्या मशिनीला इतकी सरळ टीप येत न्हाई.” मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली. चाचांची ‘बघू’मध्येच राहिली. त्यांनी काही गठ्ठे एस.टी.नं नेले. फाट्यावर उतरायचं, तिथून डोक्यावर. मी कॉलेजातून येईपर्यंत ते सकाळच्या गाडीनं गेलेले असायचे. माझी गाडी घ्या, हे म्हणायला मला आठवडा लागला. तोंड कसं दाखवायचं, या विचारात मी गल्लीच्या दुसऱ्या टोकानं ये-जा करत होतो. तोवर एका मोठ्या गावच्या शाळेनं सोलापूरचे तयार गणवेश घेऊन टाकले. चाचांचे त्या मापाचे, त्या रंगाचे गठ्ठे घरीच राहिले. शेवटी त्यांनी शोरूमचे पैसे भरून गाडी सोडवली, तेव्हा शाळा सुरू होऊन गेल्या होत्या.

घरी बायकोनं फक्त एवढंच विचारलं होतं, “समजावलं का मराठीत?” दुसऱ्या दिवशी गाडी आली तशी तिनं शाल घेतली, बाहेर गेली आणि गाडीवर टाकली. “सत्कार हिच्यामुळं झाला, हिलाच असू द्या.” तेव्हापासून माझी गाडी गल्लीत शाल पांघरून उभी राहायची. येणारेजाणारे हसायचे. मला ती काढून आत नेता आली असती, पण बायकोसमोर हिंमत झाली नाही.

आठवड्यानंतर जेव्हा मी गाडी घ्या म्हणालो, तेव्हा उरलेला एकच गठ्ठा पोचवायचा होता. चाचा तो घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले. गाडी जागेवर लावली, रुमालानं टाकी पुसली.

“लई मऊ चालते सर तुमची गाडी,” ते म्हणाले. “खड्डा कळतच न्हाई.”

ते शाल परत गाडीवर घालायला वळले आणि तिचा काठ बोटांत धरून थांबले. सत्काराच्या शालीचा काठ कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. धागे सुटायला लागले होते.

“उसवली की हो,” ते म्हणाले. “द्या, टीप मारून आणतो.”

“राहू द्या चाचा. कशाला त्रास.”

“त्रास कसला? मशीन बसूनच हाय सध्या.”

ते शाल घेऊन घरात गेले. थोड्या वेळानं समोरून मशिनीचा आवाज आला, मग थांबला. चाचांनी ती आणून गाडीवर घातली, चारी बाजूंनी सारखी केली आणि घरी गेले. ती गाडी मी पुढं विकली. शाल अजून आहे, फाटत नाही.