खराब ताटावर कोरलेला होकार

इतवारी बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून माझे बाबा भांड्यांवर नावं टाकतात. लग्नसराईत आंदणाची भांडी घेतली की लोक कागदावर लिहून आणलेलं नाव बाबांच्या हातात देतात आणि बाबा छोट्या मशीनच्या सुईने ते कोरतात. रोज कॉलेज सुटल्यावर मीही तिथे बसू लागलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून माझ्या हातून चूक होणार नाही असं बाबांना वाटे.

आमच्या घरात मारण्याचं कोणाला विशेष वाटत नसे. बाबा मला मारत, मी बहिणीला. दोन वर्षांपूर्वी मोबाइलच्या चार्जरवरून मी तिच्या तोंडावर हात मारला आणि तिचा समोरचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून ती हसताना ओठांवर हात ठेवते. मी माफी मागितली नव्हती. आमच्याकडे कोणी कोणाची मागितलेली मी पाहिलीच नव्हती.

वर्गातल्या एका मित्राने मला सक्करदऱ्याला आपल्या घरी रविवारच्या प्रार्थनेला नेलं. मी नुसता सोबत म्हणून गेलो होतो. त्याची आई नर्स आहे. येशूला सैनिकांनी कसं मारलं, तोंडावर कसे थुंकले, ते ती वाचून दाखवत होती. मला राग आला. हा माणूस उलट हात का उचलत नाही, एवढंच डोक्यात घेऊन मी घरी आलो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. निघताना मित्राच्या आईने, काकूंनी, विचारलं, "येशील काय बेटा, त्याच्या मागं? घाई नाही. पण विचारून ठेवते."

त्यानंतरचे चार रविवार मी मान खाली घालून बसलो. माझे हात कसे आहेत हे मला माहीत होतं.

सुई नीट चालते की नाही हे बघायला बाबांनी पोचे आलेलं एक ताट ठेवलं होतं. त्यावर आम्ही रेघा ओढून बघायचो. एका दुपारी मी त्या ताटाच्या पाठीवर कोरलं, 'येशू, मी येतो.' तोंडाने जे म्हणता येत नव्हतं ते सुईने लिहिलं गेलं. ताट सुलटं करून मी बाजूला सरकवलं. त्याच संध्याकाळी गर्दीत एका लग्नाच्या ताटांचा गठ्ठा बांधला आणि त्यात चुकून तेही बांधून दिलं.

मंगळवारी नवरीचा मामा आला. त्याने ते ताट बाबांपुढे आपटलं. "वाच गा. पोरीच्या आंदणात हे काय टाकून दिलं? सासरचे विचारून राहिले, पोरगी धर्म बदलून आली काय म्हणून."

शेजारचा दुकानदार वाकून वाचू लागला. "हे तं पत्र हाय," तो म्हणाला. "पोरगा ताटावर पत्र लिहून राहिला." सगळे हसले.

बाबा हसले नाहीत. "तू लिहिलं काय बे?"

"हो."

"काहून?"

"मले जायचं आहे, बाबा."

पोचे काढायचा लाकडी हातोडा त्यांच्या हाताशीच होता. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. कान सुन्न झाला. तिसऱ्यांदा हातोडा उठला तेव्हा मी तो हिसकावला आणि त्यांच्या उजव्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. बाबा खाली बसले. त्यांना दवाखान्यात नेलं ते त्या मामानेच, आपल्या गाडीवर बसवून. मी हातोडा धरून पायरीवर तसाच उभा होतो.

घरी बहीण म्हणाली, "दादा, माझा दात तोडला तवा तुझा येशू नव्हता. आज तं होता ना?"

मी सायकल काढून सक्करदऱ्याला गेलो. काकू ड्यूटीवर निघाल्या होत्या. दारातच सांगितलं, "मी नाही येऊ शकत, काकू. मी बापाचा हात मोडला."

त्यांनी माझा सुजलेला कान बघितला. "तुले चांगलं होऊन ये, असं कोणी म्हटलं होतं काय?" त्यांनी विचारलं. "त्याले मारणारेच होते ते, ज्यायले त्यानं माफ केलं. पण येतो म्हटलं तं हात खाली ठेवा लागते, बेटा. आता घरी जा. बाप तिकडं हात मोडून बसला, अन् तू इथं काय करून राहिला?"

घरी येऊन मी बहिणीला म्हटलं, "तुझा दात मी तोडला. माझं चुकलं."

"कोणं तोडला ते माहीत हाय मले," ती म्हणाली. आत गेली, पुन्हा दारात आली. "आजच मले काही म्हणायला लावू नको."

दुसऱ्या दिवशी बाबा प्लास्टर घातलेला हात घेऊन पायरीवर बसले होते. नावं टाकायला दुसरं कोणी नव्हतं. मी समोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "माझं चुकलं, बाबा."

त्यांनी डाव्या हाताने माझ्या तोंडात मारली. गिऱ्हाईकं बघत होती. "जाशील अजून?"

"जाईन. पण तुमच्यावर हात नाही उचलणार."

दुसरी बसली. त्यांच्या अंगठीने ओठ फाटला. "जाशील?"

"जाईन, बाबा. मारू नका."

तिसरी बसली. माझे हात मी मांड्यांखाली दाबून धरले होते, कारण त्या हातांचा मला भरवसा नव्हता. चौथ्यांदा बाबांचा हात उठला, थोडा वेळ वरच राहिला, मग त्यांनी तो आपल्याच गुडघ्यावर टेकला. त्यांना धाप लागली होती.

"मशीन घे," ते म्हणाले. "लोकं खोळंबून राहिले."

समोरच्या बाईने कळशी पुढे केली. कळशीवर माझ्या ओठांतलं रक्त टपकलं. मी ते शर्टाने पुसलं आणि बाईचा कागद वाचून कोरायला घेतलं. बाबा उठून माझ्या मागे उभे राहिले. हात पुन्हा कधी उठेल, सांगता येत नव्हतं. मागे वळून बघावंसं फार वाटत होतं. मी वळलो नाही.